एक माशी चाटते, दुसरी डसते

वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यासमोर नुसतं 'माशी' म्हटलं, तर त्याच्या मनात आधी कपाशीवरची पांढरी माशी येईल, मग सोयाबीनची खोडमाशी. पांढरी माशी खरं तर माशीच नव्हे. ती मावा-तुडतुड्यांच्या भावकीतली. नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात 1965 साली जो विषाणू सापडला आणि ज्याला त्या गावाचंच नाव मिळालं, तो पसरवणारी वाळूमाशी डासांच्या जवळची. एका शब्दात आपण इतकी निरनिराळी कुळं कोंबली आहेत. शेतात त्याने फारसं बिघडत नाही, कारण तिथे फवारणीच्या आधी कोणती माशी हे विचारावंच लागतं. घरात आणि गोठ्यात मात्र कुणी विचारत नाही, आणि तिथेच ते विचारायला हवं. आपल्या ताटावर बसणारी माशी आणि गाईच्या पायाला डसणारी माशी या दोन वेगळ्या जाती आहेत. दिसायला जवळजवळ सारख्या असल्यामुळे आपण दोघींवर एकच इलाज करतो. तो पहिलीवर थोडाफार चालतो, दुसरी त्यातून सहीसलामत सुटते. गोठा रोज झाडूनही बैल पाय का आपटतो, याचं उत्तर या गफलतीत आहे.

घरमाशीचं शास्त्रीय नाव मस्का डोमेस्टिका, गोठ्यात डसणारीचं स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स. दोघींचं नामकरण लिनियसने 1758 मध्ये केलं आणि आजही शास्त्रज्ञ दोघींना एकाच कुळात बसवतात. 'डोमेस्टिका' म्हणजे घरची. 'कॅल्सिट्रान्स' म्हणजे लाथा झाडणारी. लाथा अर्थातच माशी झाडत नाही, तिच्यापायी जनावर झाडतं. मराठीत या दुसरीला स्वतःचं असं पक्कं नाव नाही. कुणी गोमाशी म्हणतं, पण तेच नाव मोठ्या डोळ्यांच्या, दांडग्या माशीलाही लावलं जातं. म्हणून इथे तिला चावरी माशी म्हणू. दोघी करड्या, दोघी साधारण पाऊण सेंटिमीटरच्या आत, दोघींच्या पाठीवर चार काळसर पट्टे. गोठ्याच्या भिंतीवर बसलेली माशी जवळून पाहिली तर फरक कळतो. घरमाशीचं पोट एकसारखं, पिवळसर छटेचं असतं. चावरीच्या पोटावर सोंगट्यांच्या पटासारखे काळे ठिपके असतात. घरमाशी बहुधा डोकं खाली करून बसते, चावरी डोकं वर करून. आणि सगळ्यात पक्की खूण तोंडाची. घरमाशीची सोंड मऊ, टोकाला स्पंजासारखी पसरट, काम नसताना आत ओढून घेतलेली. चावरीची सोंड काळी, ताठ, डोक्याच्या पुढे सुईसारखी निघालेली. पावसाळ्यात घरमाश्या चावायला लागतात असा समज सगळीकडे आढळतो. घरमाशीला चावता येतच नाही. घरात कुणाच्या घोट्याला डसली असेल तर ती गोठ्यातून आलेली पाहुणी समजावी.

तोंडातला हा फरक पुढे रोगांच्या वाटा ठरवतो. घरमाशीला घन पदार्थ खाता येत नाही. साखरेच्या कणावर बसली की ती आधी लाळ सोडते, पोटातला थेंब वर काढते, त्यात कण विरघळवते आणि मग ते पाणी शोषून घेते. पायांवरच चव कळणारे केस असल्यामुळे ती बसते तिथे तुडवून चाचपून पाहते. मैल्यावरून उठून भाकरीवर बसली तर पायांवरचं आणि पोटातलं दोन्ही भाकरीवर येतं. हगवण, विषमज्वर, कॉलरा यांच्याशी तिचं नाव जोडलं जातं ते यामुळे. हा नुसता संशय नाही. इस्रायलमधल्या लष्करी तळांवर सापळे लावून माश्या कमी केल्या, तेव्हा माश्यांची संख्या 64 टक्क्यांनी घटली, जुलाबासाठी दवाखान्यात येणारे 42 टक्क्यांनी कमी झाले आणि रक्ती आवेच्या शिगेला जंतूचे रुग्ण तर 85 टक्क्यांनी उतरले. 1991 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाणी तेच, स्वयंपाकघर तेच, माणसं तीच. बदललं ते फक्त माश्यांचं प्रमाण.

चावरीचा गुन्हा वेगळा. ती रक्तावर जगते, आणि डासांसारखी फक्त मादी नव्हे, नरही रक्त पितो. पोटभर रक्त घ्यायला तिला तीन-चार मिनिटं लागतात, आणि तिची आवडती जागा म्हणजे जनावराचे पुढचे पाय, गुडघ्यापासून खाली. तिथे शेपटी पोचत नाही. मान आणि खांद्याची कातडी थरथरवून माशी उडवायची कला गाईला येते, पण पायाच्या नळीवर ती चालत नाही. मग उरतो एकच उपाय, पाय आपटणे. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत गवळाऊ जात अजून टिकून आहे. हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. पांढरीशुभ्र, उंच पायांची, चालीला हलकी अशी ही जात. तिच्या पांढऱ्या नळीवर बसलेली करडी माशी लांबूनही दिसते. गाईने पाय आपटला की माशी अर्धपोटी उठते आणि शेजारच्या गाईवर बसते. सोंडेला पहिल्या गाईचं ओलं रक्त तसंच असतं. रोग पसरतो तो या अर्ध्या राहिलेल्या जेवणांतून.

सर्रा हा असा एक रोग. त्याचा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 साली डेरा इस्माइल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो ओळखला. हा परजीवी चावरीच्या अंगात वाढत नाही, तिच्या सोंडेवरून फक्त प्रवास करतो. तो जनावरांचाच रोग अशी समजूत शंभर वर्षं टिकली. 2004 साली वर्ध्याला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात, शिवणी गावातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. चढ-उतार होत राहणारा ताप कित्येक महिने चालला होता. सुरामिन हे औषध देऊन रुग्ण बरा झाला. जगात माणसाच्या बाबतीत निर्विवाद सिद्ध झालेली ही पहिली नोंद. पुढच्या संशोधनात कळलं, की या परजीवीला मारणारं एपीओएल-1 हे रक्तातलं प्रथिन त्या माणसात जन्मतःच काम करत नव्हतं. गावातल्या 1,800 च्या आसपास लोकांची नंतर तपासणी झाली, पण परजीवी कुणाच्या रक्तात मिळाला नाही. माशीने चावून हा संसर्ग झाला असं सिद्ध झालेलं नाही. जनावराचं रक्त हाताच्या जखमेला लागलं असावं, असाही एक कयास आहे. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. मात्र जनावराच्या रक्तातला हा रोग माणसाच्या उंबरठ्यापर्यंत येऊ शकतो, हे विदर्भानेच जगाला दाखवलं, ही गोष्ट विदर्भातच फार थोड्यांना माहीत आहे.

लम्पी मात्र सगळ्यांना माहीत झाला. 2022 मध्ये देशभरात दीड लाखाहून अधिक जनावरं त्यात गेली. महाराष्ट्रात जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. लम्पीचा विषाणू डास, गोचीड आणि चावऱ्या माश्या एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात, आणि स्टोमॉक्सिस हे काम करू शकते हे प्रयोगशाळेत आजारी जनावरावरून निरोगी जनावरावर माश्या सोडून पाहिलेलं आहे. रोग नसला तरी नुकसान थांबत नाही. पाय आपटणारी गाय चरत नाही, बसून रवंथ करत नाही. अमेरिकेत 2012 साली मांडलेल्या हिशेबात एका दुभत्या गाईमागे वर्षाला सरासरी 139 किलो दूध चावरी माशीमुळे घटतं असं निघालं, आणि त्या देशाचं एकूण वार्षिक नुकसान दोन अब्ज डॉलरच्या वर. तिथल्या गाई वेगळ्या, गोठे वेगळे. तो आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावणं बरोबर नाही. पण थोडकं दूध देणाऱ्या गाईचं एक-दोन टक्के घटलेलं दूधही लहान शेतकऱ्याला झोंबतंच.

आता मुद्द्याची गोष्ट. या दोघी जन्मतात कुठे? घरमाशीला ताजं, ओलं, मऊ काहीही चालतं: शेण, कोंबड्यांची विष्ठा, माणसाचा मैला, खरकटं. एका खेपेला शंभरावर अंडी, उष्ण दिवसांत एका दिवसाच्या आत अळी, आणि अंड्यापासून उडणाऱ्या माशीपर्यंतचा सगळा प्रवास आठ-दहा दिवसांत. चावरीला नुसतं ताजं शेण फारसं मानवत नाही. तिला हवी असते कुजत चाललेली वैरण, मुतात भिजलेली, थोडं शेण कालवलेली, पायांखाली दाबली गेलेली, आणि काही दिवस न हललेली. तिला वाढायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे एकीची पाळण्याची जागा शेणाचा पो, दुसरीची गव्हाणीखालचा गाळ. आणि आपली सफाई कोणाची होते? शेणाची. पहाटे शेणपुंजा करताना बाई शेण उचलते, कारण शेणाला किंमत आहे; त्याच्या गोवऱ्या होतात, त्याने सारवलं जातं, त्याचं खत होतं. गव्हाणीखाली सांडलेल्या, भिजलेल्या वैरणीला किंमत नाही, ती तिथेच राहते. वर नवी पडते, खालची कुजते. रोज झाडलेल्या गोठ्यात चावरी माशीचा पाळणा शाबूत राहतो तो असा.

इथे वर्धा जिल्ह्याच्या पीकपद्धतीकडे पाहावं लागतं. एकेकाळी इथे ज्वारी भरपूर होती आणि जनावर कडब्यावर जगत होतं. गेल्या तीन-साडेतीन दशकांत सोयाबीन वाढलं, ज्वारी मागे हटली. कडब्याच्या जागी कुटार आलं. कडबा लांब, पेंढीत बांधलेला. जनावर तो ओढून खातं, उरलेले बुडखे जाड, कोरडे, सहज उचलता येतात. कुटार म्हणजे मळणीतून निघालेला बारीक भुसा. जनावर त्यात तोंड खुपसतं, फुंकर मारतं, अर्धं-पाव खाली सांडतं. ते मुतात भिजलं की चिकट थर होतो आणि झाडू त्यावरून नुसता फिरतो. चावरीला याहून सोयीची जागा शोधून मिळणार नाही. कुटारामुळे माश्या किती वाढल्या याचं मोजमाप हाताशी नसताना हा माझा तर्क आहे, पण तो हवेतला नाही. ब्राझीलमध्ये उसाची पाचट जाळणं थांबलं आणि साखर-इथेनॉल कारखान्यांचं मळीचं सांडपाणी त्या पाचटावर सोडलं जाऊ लागलं, तेव्हा आजूबाजूच्या गुरांवर चावऱ्या माश्यांच्या धाडी पडू लागल्या. पश्चिम ऑस्ट्रेलियात भाजीच्या मळ्यांतल्या कच्च्या कोंबडीखताने आणि कुजलेल्या पाल्याने असाच उच्छाद मांडला, इतका की काही भागांत ते कच्चं खत वापरायला बंदी आली. अमेरिकेतल्या कुरणांत हिवाळ्यात जनावरांसमोर टाकलेल्या गवताच्या गठ्ठ्यांचं उरलेलं पायदळी कुजणं हाच तिथला मोठा उगम ठरला. तिन्ही ठिकाणी ओला, कुजता वनस्पतीचा उरलेला भाग मुळाशी निघाला.

यावर पहिला आक्षेप फवारणीवाल्यांचा असेल: औषध मारलं की माश्या मरतात, मग एवढा व्याप कशाला? औषध काम करतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1990 च्या दशकात पाकिस्तानातल्या खेड्यांत माश्यांवर फवारणी केली तेव्हा लहान मुलांचे जुलाब 23 टक्क्यांनी कमी झाले. साथ आटोक्यात आणायची असेल तर फवारणी हवीच. पण तिचा असर टिकत नाही. डीडीटी बाजारात येऊन पुरती पाच वर्षंही झाली नव्हती, तोवर 1946-47 च्या सुमारास स्वीडन आणि इटलीतल्या घरमाश्या त्याला दाद देईनाशा झाल्या होत्या. शिवाय चावरी दिवसातली काही मिनिटंच जनावरावर असते, बाकी वेळ भिंतीवर, खांबावर, कुंपणावर बसून रक्त पचवते. जनावराच्या अंगावर चोळलेलं औषध तिच्या वाट्याला थोडंच येतं, आणि पायावर चोळलेलं तर पहिल्याच पावसात धुऊन जातं. उकिरड्यावर मारलेलं औषध आणखी एक नुकसान करतं. माश्यांच्या कोषांत अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या तिथेच राबत असतात, त्या आधी मरतात. गावरान कोंबड्या उकिरडा उकरून अळ्या वेचतात, त्यांनाही विषारी उकिरड्यापासून लांब ठेवावं लागतं.

धुराचं तसंच. तिन्हीसांजेला गोठ्यात कडुलिंबाचा पाला जाळण्याची चाल चांगली आहे आणि डासांसाठी ती उपयोगी आहे. चावरी मात्र उन्हाची माशी. ती सकाळी आणि दुपारी डसते. आपण धूर करतो तोवर ती जेवून विसावलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपण आपला गोठा कोरडा ठेवला, पण शेजाऱ्याचा चिखल तसाच राहिला तर? माशीला कुंपण कळत नाही, हे खरंच. फ्लॉरिडात वाऱ्याबरोबर चावऱ्या माश्या दोनशे किलोमीटरहून लांब गेल्याच्या नोंदी आहेत. पण तशी भरारी हा अपवाद. अन्न आणि अंडी घालायची जागा जवळ असली की दोन्ही जातींतल्या बहुतेक माश्या जन्मल्या जागेच्या आसपासच राहतात. म्हणून एका घराच्या कष्टाचा फायदा त्या घराला आधी मिळतो, पुरता मिळत नाही. पुरता मिळायचा तर आळीने, मोहल्ल्याने मिळून करावं लागतं. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावच्या गाव मारबत काढतं, पळसाच्या फांद्या शिवेबाहेर फेकतं आणि खोकल्या-ढेकणांबरोबर माश्यांनाही घेऊन जायला सांगतं. तो दिवस बरोबर निवडलेला आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा शेण दोन दिवसांत वाळतं आणि माश्या ओसरतात. मृगापासून ओल धरते आणि श्रावण सरता सरता त्या कळसाला पोचतात. सगळं गाव एकाच सकाळी एकाच कामासाठी बाहेर पडतं, ही ताकद आहेच. गव्हाणीखालचा गाळ त्या आठवड्यात निघाला तर माश्यांची पुढची पिढी तिथेच खुंटेल.

तिसरा आक्षेप सहसा कुणी बोलून दाखवत नाही, आणि मला तोच सगळ्यात खरा वाटतो. हे काम करणार कोण? शेणपुंजा बायकांच्या वाट्याला आहे, आणि 'गोठा कोरडा ठेवा' या उपदेशाचा अर्थ व्यवहारात 'बाईने आणखी तासभर आधी उठावं' असा होतो. म्हणून वेळापत्रक माशीच्या आयुष्यावरून ठरवायला हवं. शेण रोज उचललं जातंच. घरमाशीसाठी ते पुरेसं आहे, फक्त ते झाकलं गेलं पाहिजे. चावरीला किमान दोन आठवडे लागतात. गव्हाणीखालचा थर रोज खरवडायची गरजच नाही, आठवड्यातून एकदा पुरतं, आणि ते फावड्याचं काम आहे. फावडं घरातल्या पुरुषाच्या हाती शोभतं. बाजाराच्या दिवशी सकाळी तासभर त्याने हे करावं. काढलेला थर उन्हात बोटभर जाडीचा पसरला की अळ्या वाळून मरतात. ओल चाळीस टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचं काही चालत नाही. पावसाची झड लागली तर पसरायला जागा नसते हे मान्य. तेव्हा निदान छपराखाली, गव्हाणीपासून दूर, पातळ थरात.

काढलेल्या थराचं पुढे करायचं काय, याचं उत्तरही आपल्याच मुलखात तयार झालेलं आहे. 1935 साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना त्यांचे सहकारी सकाळी झाडू-बादल्या घेऊन जवळच्या सिंदी गावात मैला उचलायला जात. मैला उथळ चरात घालून वर माती लोटायची, ही त्यांची रीत. त्यात एक बारकावा महत्त्वाचा होता, तो म्हणजे माती त्याच दिवशी लोटायची. अळ्या झालेल्या घाणीवर नंतर भुसभुशीत माती लोटून काही साधत नाही, कारण कोषातून निघणारी माशी कपाळातली एक पिशवी फुगवत-मिटवत सैल मातीतून वर रस्ता काढते. गोबर गॅसने शेणाचा प्रश्न चांगला सुटतो. हवाबंद टाकीत घरमाशीला वाव नाही. पण टाकीला शेण लागतं, कुटार नको असतं, म्हणजे चावरीची जागा पुन्हा शिल्लक. तिला धरणारी पद्धत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी दिली. नाडेपकाका म्हणून ते ओळखले गेले आणि त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच पद्धतीला 'नाडेप' म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत भोकं ठेवलेलं विटांचं टाकं; त्यात सुमारे 1,400 ते 1,500 किलो काडीकचरा, शेण फक्त 90 ते 100 किलो, थरांमध्ये चाळलेली माती. एक-दोन दिवसांतच भरून वरून शेणमातीने लिंपायचं. तीन ते चार महिन्यांत खत. गोबर गॅस शेणाभोवती फिरतो. ही पद्धत काडीकचरा मागते आणि शेण जपून वापरते. लिंपण घट्ट असल्यामुळे वरून अंडी घालायला माशीला वाट नाही, आणि आतली ऊब अळीला सोसत नाही. खताच्या उघड्या ढिगातही अळ्या कडेच्या थंड थरातच सापडतात, मध्यभागी नाही, ते या उबेमुळेच.

आपल्या गोठ्यात कोणती माशी जन्मते आहे हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. गव्हाणीखालची मूठभर कुजकी वैरण पांढऱ्या थाळीत पसरावी. अळ्या निघतील, दोन्ही जातींच्या पिवळसर पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या. शाळेतलं साधं भिंग घेऊन बोथट टोक पाहावं. तिथे श्वासाची दोन काळी ठिकाणं दिसतात. ती एकमेकांना अगदी लागून, इंग्रजी डी अक्षरासारखी असली तर ती घरमाशी. लांब लांब, तिकोनी असली तर चावरी. सातवी-आठवीतल्या मुलाला हे दहा मिनिटांत करता येतं, आणि त्या दिवसापुरता तरी घरातलं फावडं कुठल्या कोपऱ्यात चालवायचं हे तोच सांगू शकतो.